वाचून झालं असेल तर सोड

दुसऱ्यांच्या ऑफिसातले किस्से कॅन्टीनमध्ये जमतात. एकाने चहा पिता पिता सांगायचा, दुसऱ्याने त्याला मीठमसाला लावायचा, तिसऱ्याने घरी जाऊन बायकोला सांगायचा. माझे किस्से मात्र एका स्क्रीनवर जमले. त्या स्क्रीनचं नाव 'होल्ड'. सात वर्षं मी कंपनीतल्या माणसांचे मेल वाचले. चोरून नाही हं, पगारी! आणि वाचलेलं कोणाला सांगणार नाही असं लिहून दिलेलं, त्यामुळे ते किस्से पोटातच साठत गेले. घरी बायको विचारायची, आज काय झालं? मी म्हणायचो, काही नाही. सात वर्षं या माणसाच्या आयुष्यात काहीच घडलं नाही, असं त्या बिचारीला वाटत असणार.

आता मी त्या खुर्चीवर नाही, म्हणून सांगतो. नावं बदलली आहेत, माझं सोडून. मी ठोंबरेच.

*

सुरुवात कदम साहेबांपासून. लोधिवलीच्या पुढे, जुन्या हायवेला लागून आमची फॅक्टरी. रंगात मिसळायची केमिकल्स बनतात. एकदा आमचं एक मिश्रण जसंच्या तसं दुसऱ्या कंपनीच्या डब्यातून बाजारात आलं. कोणीतरी त्याची कृती मेलवर बाहेर पाठवली होती. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण हेड ऑफिसात बोंबाबोंब झाली आणि आमचे सिक्युरिटीचे कदम साहेब कामाला लागले.

साहेब साताऱ्याकडचे, मिलिटरीतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सुटताना गेटवर आपण माणसाची पिशवी उघडून बघतो, डबा उघडून बघतो. मग मेल का नाही बघायचा? तोही बाहेरच जातो. मग हेड ऑफिसने सॉफ्टवेअर आणलं. कंपनीबाहेर जाणाऱ्या मेलला फाइल जोडलेली असली की तो आधी अडकणार. एक माणूस तो उघडून वाचणार, ठीक असेल तर 'सोडा'चं बटण दाबणार, नाहीतर 'होल्ड'वर तसाच ठेवणार. तो एक माणूस म्हणजे मी. कॉम्प्युटर विभागात आम्ही इनमीन दोघं, आणि दुसरा कायम कुणाच्या तरी प्रिंटरमधून कागद ओढत बसलेला असायचा.

सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवून एकेक कागद दिला. आमचे मेल बघायला आमची हरकत नाही, असं त्यात लिहिलेलं. बहुतेकांनी लगेच सह्या केल्या. वाचला कोणीच नाही. कदम साहेबांनी विचारलं, कोणाला काही शंका? एकच हात वर आला, डिस्पॅचच्या मुकादम चाचांचा. त्यांनी विचारलं, वाचणार कोण? साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मग हरकत नाय," चाचा म्हणाले. "ठोंबरेला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाय."

अख्खं कॅन्टीन हसलं. मीही हसलो. चाचांनी सही केली.

*

पहिल्याच महिन्यात लॅबमधल्या घरतचा मेल अडकला. घरत माझा शाळेतला दोस्त, कर्जतला आम्ही एका बाकावर बसायचो. मेलला हाताने काढून स्कॅन केलेला नकाशा जोडलेला. त्यात बाण, 'पाण्याची टाकी', 'मागचं गेट', 'येथे गाड्या लावणे', 'येथून आत'. मी हसून सोडणार एवढ्यात बघतो तो कदम साहेब मागे उभे. त्यांच्या मते हा आपल्या प्लँटचा नकाशा होता.

मी सांगितलं, साहेब, घरतच्या बहिणीचं लग्न आहे, कडावच्या पुढे त्यांच्या गावात. पाहुण्यांना पाठवतोय बिचारा. साहेब म्हणाले, खात्री होईपर्यंत होल्ड. घरतला विचारू का म्हटलं, तर नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला कळता कामा नये.

तीन दिवस मेल होल्डवर. चौथ्या दिवशी लग्न. घरतचे मुंबई-पुण्याचे निम्मे पाहुणे नेरळच्या बाजूला भलत्याच गावात मांडव शोधत फिरतायत, आणि कदम साहेब सकाळीच जीप काढून, नकाशाची प्रिंट मांडीवर ठेवून खात्री करायला निघालेले. टाकी सापडली. मागचं गेट सापडलं. गाड्या लावायची जागा सापडली. त्या नकाशावरून मुहूर्ताला वेळेवर पोहोचलेला एकमेव माणूस म्हणजे कदम साहेब!

जेवूनच आले. सोमवारी मला म्हणाले, "ठोंबरे, सोडा तो मेल. नकाशा बरोबर आहे."

*

हसण्यावारी गेलं ते तेवढंच. सही केलेल्या कागदाचा अर्थ काय ते हळूहळू लोकांच्या लक्षात आलं. मी ताट घेऊन कॅन्टीनमध्ये टेबलाशी गेलो की चाललेल्या गप्पा एकदम क्रिकेटवर यायच्या. वाईट कोणी वागलं नाही. पण मला बघून माणसं घसा खाकरायची. अरे बाबांनो, मेल वाचतो, मन नाही वाचत! पण सांगणार कोणाला? वर्षभरात माझ्या टेबलावर मी आणि मुकादम चाचा, एवढेच उरलो.

चाचांना काही फरक पडत नव्हता. त्यांचं मूळ घराणं श्रीवर्धनकडचं, आजोबांच्या वेळी खोपोलीला आलेलं. डिस्पॅचला एकोणतीस वर्षं काढलेली. टायपिंग एका बोटाने. दिवसाला दहा-बारा मेल टेंपोवाल्यांना, प्रत्येकाला गाडीचे कागद जोडलेले, म्हणजे प्रत्येक मेल माझ्याकडे अडकणार. सोड म्हणून सांगायला फोन करावा तर माझा फोन कायम एंगेज. मग त्यांनी युक्ती काढली. टेंपोवाल्याला जे लिहायचं ते लिहून झालं की त्याच मेलमध्ये खाली मला एक ओळ: 'ठोंबरे, वाचून झालं असेल तर सोड. टेंपो उभा हाय.'

मी सोडायचो. मेलबरोबर ती ओळही जायची. पनवेलच्या एका टेंपोवाल्याने सहा महिन्यांनी चाचांना विचारलं म्हणे, हे ठोंबरे साहेब फार मोठ्या पोस्टवर आहेत का? त्यांच्या परवानगीशिवाय तुमच्याकडचा एक टेंपो हलत नाही.

पुढे पुढे त्या ओळी वाढत गेल्या. 'ठोंबरे, आज लवकर ये जेवायला, कोलंबी आणलीय.' 'ठोंबरे, सकाळी चेहरा पडलेला दिसला, घरी बरं हाय ना?' दिवसभर मी शेकड्याने मेल वाचायचो, सगळे दुसऱ्यांसाठी लिहिलेले. मला लिहिणारा अख्ख्या कंपनीत हा एकच माणूस, तोही दुसऱ्याच्या मेलमध्ये. ती ओळ यायची म्हणून मी त्या खुर्चीवर टिकलो.

*

मेल पाठवताना नावाचं एक अक्षर दाबलं की खाली नावांची यादी पडते, तुम्हाला माहीतच आहे. चाचा चष्मा न लावता त्यातलं पहिलं नाव उचलायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी रुबीना. नर्सिंग केलेली, हुशार पोरगी. महाडच्या रऊफभाईंनी तिच्यासाठी एक स्थळ सुचवलं होतं. चाचांनी तिची सगळी माहिती आणि फोटो जोडून रऊफभाईंना मेल लिहिला. आर दाबलं. पहिलं नाव पडलं रमेश टेंपोवाल्याचं!

मेल माझ्याकडे आला. पत्ता बघितला. तसाच होल्डवर ठेवला आणि डिस्पॅचला धावलो. चाचांनी कपाळावर हात मारला. "अब्रू राखलीस रं," एवढंच म्हणाले. रुबीनाला कळलं तेव्हा ती बापावर चिडली, पण मेल चुकला म्हणून नाही, पाठवायला निघाला म्हणून. तिला इतक्यात लग्न नको होतं. तिला आखातात नोकरीला जायचं होतं. स्थळ बारगळलं.

चाचांच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली. कोणी चष्मा लावा म्हटलं की म्हणायचे, ठोंबरे बसलाय ना मागे, चुकलं तर अडवेल. आणि खरं सांगू? मलाही ते आवडायचं. सात वर्षांत त्या कामाबद्दल मला कोणी शाबासकी दिली असेल तर ती चाचांनी.

*

हा किस्सा हसण्याचा नाही, आधीच सांगतो. घरतने तळोज्याच्या एका कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला. ऑफिसच्या मेलवरून! तुम्ही म्हणाल, वेडा की काय. पण आमच्याकडे सगळ्यांचीच ही समजूत. घरचा फोन बायको उघडते, पोरं उघडतात, मेव्हणा उघडतो. ऑफिसच्या मेलला मात्र पासवर्ड. तोही दर महिन्याला बदलायचा, त्यात एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे. एवढं कडेकोट कुलूप दुसरं कुठे आहे? मी वाचतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण पासवर्ड टाकून मेल लिहायला बसलं की माणसं ते विसरून जायची.

लॅबच्या माणसाचा दुसऱ्या केमिकल कंपनीला मेल दिसला की तो कदम साहेबांना दाखवायचा, असा नियम. त्याच्याखाली माझीही सही होती. मी दोन तास नुसता बसून राहिलो. मग दाखवला. साहेबांनी वर कळवलं. दुसऱ्या दिवशी घरतकडून लॅबची किल्ली काढून घेतली आणि त्याला स्टोअरमध्ये बसवलं. का, ते कोणी सांगितलं नाही. अर्ज होल्डवरच राहिला. घरत नावाचा माणूस जगात आहे हे तळोज्याला कळलंसुद्धा नाही.

त्याला काय ते समजलं. आता शिव्या देईल, गचांडी धरेल, म्हणून मी तयारीत होतो. पंधरा दिवस बोललाच नाही. मग एकदा कर्जत स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर गाठ पडली. पैसे मी द्यायला गेलो तर त्याने माझा हात बाजूला केला. कप ठेवता ठेवता म्हणाला,

"ठोंबऱ्या, तू वाचलायस म्हणून विचारतो. अर्ज बरा झाला होता का रं? पहिल्यांदाच लिवला होता."

चांगला होता, म्हटलं मी. खरंच चांगला होता.

*

बरं, कदम साहेबांवर राग काढावा तर तेही जमायचं नाही. नियम सगळ्यांना, म्हणून त्यांचेही मेल माझ्याकडेच अडकायचे. माझाही वाचायचा, सूट नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दर सोमवारी सकाळी त्यांचा एक मेल मुलाला जायचा. मुलगा बंगळूरला, काहीतरी भांडण होऊन गेलेला, चार वर्षं बोलणं नाही. प्रत्येक मेलला एक फोटो जोडलेला. कधी क्वार्टरमागच्या आंब्याला आलेला मोहर, कधी ठाकुरवाडीच्या बाजूला फिरायला गेले असतील तिथला घाट, एकदा तर नुसताच चहाचा कप. खाली दोन ओळी: 'प्रकृती ठीक. तुझी काळजी घे.' मी वाचायचो आणि लगेच सोडायचो.

एका सोमवारी साहेब माझ्या खोलीत आले. टेबलावरचा स्टेपलर उगाचच सरळ करून ठेवला. मग विचारलं, बाहेर जाणारे मेल अडकतात तसा आत येणाराही कधी अडकतो का? चुकून, एखादा?

मी म्हटलं, नाही साहेब, आत येणारे आपण अडवत नाही.

"बरं," साहेब म्हणाले. "माहिती असावी म्हणून विचारलं."

*

घरतच्या प्रकरणानंतर मला त्या खुर्चीचा वीट आला होता. त्यातच चाचांचे मेल बदलले. टेंपोवाल्यांच्या मेलमध्ये एक नवीन पत्ता दिसायला लागला, मुंबईच्या एका डॉक्टर राण्यांचा. पहिला मेल मी नेहमीसारखाच उघडला, एका हातात चहाचा कप. रिपोर्ट जोडलेला होता. खाली चाचांनी काय लिहिलं होतं ते मला आजही तोंडपाठ आहे. 'डॉक्टर साहेब, इकडचे डॉक्टर कॅन्सर हाय म्हणतात. माझी मुलगी पुढल्या महिन्यात मस्कतला नर्स म्हणून चाललीय. तिला कळलं तर ती जायची नाय. ती विमानात बसेपर्यंत घरात कोणाला कळू द्यायचं नाय. तुमी फोन करू नका, माझा फोन घरात सगळे उचलतात. याच मेलवर लिवा.'

खाली मला ओळ नव्हती. पहिल्यांदाच नव्हती. मी वाचतो हे विसरले होते की मुद्दामच लिहिली नव्हती, मला माहीत नाही.

मी 'सोडा' दाबलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. दुपारी त्याच टेबलावर आम्ही दोघं. चाचांनी तांदळाची भाकरी मोडून निम्मी माझ्या ताटात ठेवली. म्हणाले, खा, माझं पोट बरं नाय. मी खाल्ली. काय बोलणार होतो? मी वाचतो हे त्यांना माहीत होतं, तरी ते काही बोलत नव्हते. म्हणजे मीही बोलू नये असं त्यांना वाटत असणार. की मी विचारावं असं वाटत होतं? समोर बसलेल्या माणसाची एवढी मोठी गोष्ट मला ठाऊक, आणि त्याच्या बायकोला ठाऊक नाही, पोरीला ठाऊक नाही. फार वाईट वाटलं. आणि फार लाज वाटली.

त्या दिवशी ठरवलं, नियम गेला खड्ड्यात. चाचांचे घरचे आणि डॉक्टरांचे मेल आपण उघडायचे नाहीत. पत्ता बघायचा, फाइलचं नाव बघायचं आणि सोडायचं. या माणसाचं तेवढं तरी त्याचं त्याच्याजवळ राहू दे. कदम साहेबांना कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

महिनाभर राण्यांना मेल जात राहिले आणि मी न वाचता सोडत राहिलो. रुबीना मस्कतला गेली. चाचांनी डिस्पॅचमध्ये पेढे वाटले. मला दोन दिले.

*

ती जाऊन तीनेक आठवडे झाले असतील. बुधवार होता, सुटायची वेळ झालेली. होल्डवर चाचांचा मेल. फाइलचं नाव, बायोप्सी रिपोर्ट. पत्ता, रुबीना.

मी म्हटलं, मेलो! पुन्हा आर! राण्यांसाठी आर दाबलं आणि वर पडली रुबीना. ज्या पोरीपासून एवढं लपवलं तिलाच रिपोर्ट चालला होता. बरं झालं आपण मागे बसलोय. मेल उघडला नाही, ठरवलंच होतं ना तसं. होल्डवर ठेवला आणि डिस्पॅचला फोन लावला. चाचा निघून गेले होते. मोबाइलवर सांगायची सोय नव्हती, तो घरात कोणीही उचलणार. म्हटलं, उद्या सकाळी सांगू, पुन्हा कपाळावर हात मारतील. त्या संध्याकाळी मी मोटरसायकलवर शीळ घालत घरी गेलो. चांगलं आठवतंय मला.

गुरुवारी चाचा आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. कदम साहेब म्हणाले, कावीळ झालीय, पनवेलला ॲडमिट आहेत. मी काय ते समजलो. रोज जाऊ जाऊ म्हणत राहिलो. मेलची घाई वाटत नव्हती. चुकून चाललेला मेल अडवून ठेवलाय, तो कुठे पळून जातोय? असा आठवडा गेला. पुढच्या गुरुवारी सुट्टी टाकून भेटायला गेलो.

चाचा निम्मे झाले होते. उशाशी बायको बसलेली. त्यांनी तिला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता आजाराचं सांगणार. पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड कसं करायचं, याची मी मनातल्या मनात तयारी करत होतो.

"रुबीनाला मेल केलाय," चाचा म्हणाले. "सगळं खरं लिवलं. रिपोर्ट लावला. बेटा, लवकर ये, तुला बघायचंय, असं लिवलं. आठ दिवस झाले, जबाब नाय."

म्हणजे तो मेल चुकलेला नव्हताच.

रुबीना गेल्यावर घरच्यांना त्यांनी आजाराचं सांगितलं होतं आणि बजावून ठेवलं होतं. पोरीला मी लिहिलंय, फोनवर कोणी विषय काढायचा नाही, तिचं तिला ठरवू दे. रुबीनाचा फोन रोज यायचा. कावीळ उतरली का विचारायची, पथ्यपाणी सांगायची आणि ड्युटीवर जायची. चाचा रोज वाट बघायचे, आज बोलेल, आज बोलेल. त्यांना वाटत होतं, लपवलं म्हणून ती रागावलीय. तिच्या आईला वाटत होतं, पोरगी परदेशात गेली आणि बदलली.

"तू तर लगेच सोडला असशील," चाचा म्हणाले.

मी हो म्हणालो. वर हेही म्हणालो, की तिकडे नेट स्लो असतं, येईल जबाब. त्याच क्षणी पाय धरून सांगायला पाहिजे होतं, चाचा, मेल माझ्याकडे पडलाय. नाही सांगितलं. भ्यालो. अजून कधी कधी जेवताना ते आठवतं आणि मी ताटावरून उठतो.

पनवेलपासून फॅक्टरीपर्यंत गाडी कशी मारली ते मला ठाऊक नाही. सुट्टीवरचा माणूस आत कसा, म्हणून वॉचमनने अडवलं, त्याला ढकलून आत गेलो. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी 'सोडा' दाबलं. मेल गेला. एका सेकंदात गेला.

रुबीनाने तो त्याच संध्याकाळी वाचला. रजा मिळवण्यात आणि तिकीट काढण्यात दोन दिवस गेले. शनिवारी दुपारी चाचा गेले. त्यांच्यात फार वेळ ठेवत नाहीत, संध्याकाळीच खोपोलीला माती दिली. मी होतो, घरत होता, कदम साहेब डोक्याला रुमाल बांधून उभे होते. रुबीना रविवारी सकाळी पोहोचली.

*

दहा-बारा दिवसांनी ती चाचांचं सामान न्यायला फॅक्टरीत आली. चष्मा, डबा, नमाजाची टोपी, असंच किडूकमिडूक. कदम साहेबांनी स्वतः पिशवी भरून दिली. मग तिला माझ्या खोलीत घेऊन आले. म्हणाले, हिला तुमच्याशी बोलायचंय.

ती मला काका म्हणायची. समोर बसली, मोबाइलवर चाचांचा मेल काढला आणि माझ्यापुढे धरला. मजकूर वाचायला नाही, वरची तारीख दाखवायला. माणसाने मेल कधी पाठवला तेच तिथे दिसतं. मधे तो कुठे अडकला, कधी सुटला, ते दिसत नाही.

"अब्बांनी बुधवारी पाठवला, काका," ती म्हणाली. "मी बघितला पुढच्या गुरुवारी. आठ दिवस माझ्या फोनमध्ये पडून होता आणि मला दिसला नाही. ड्युटी ड्युटी करत राहिले. अम्मी माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबरच आहे."

रडत नव्हती. डोळे पार कोरडे. तिला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की त्या आठ दिवसांत अब्बांनी तिला आणखी काही लिहिलं होतं का. रागावून का होईना, एखादी ओळ. तुम्ही सगळे मेल बघता ना, म्हणाली, अब्बा सांगायचे.

मी कदम साहेबांकडे बघितलं. होल्डची स्क्रीन बाहेरच्या माणसाला दाखवायची नाही, हा त्यांचाच नियम. साहेब बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

मी मॉनिटर तिच्याकडे फिरवला. त्या मेलची नोंद काढली. बुधवार, पाच वाजून बेचाळीस मिनिटं. अडवला, ठोंबरे. त्याच्याखाली पुढचा गुरुवार, तीन वाजून दहा मिनिटं. सोडला, ठोंबरे. मधे काहीच नाही.

तिने बोट लावून दोनदा वाचलं. मी तिला सगळं सांगितलं. तुझ्यापासून लपवायचं होतं हे मला माहीत होतं, म्हणून वाटलं, मेल चुकून तुला चाललाय. तू उगाच स्वतःला दोष देऊ नकोस, बेटा, तुझ्या अम्मीला मी येऊन सांगतो. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, अडवला तेव्हा आत काय लिहिलंय ते मी वाचलं होतं का.

"नाही गं," मी म्हटलं. "एक अक्षर नाही. तुझ्या अब्बांचं खाजगी होतं."

रुबीनाने मॉनिटर पुन्हा माझ्याकडे वळवला आणि पिशवी उचलली.

"वाचायला हवा होता, काका," ती म्हणाली.